चार वाक्यांचा पोस्टमन

माझा तास शुक्रवारी, जेवणानंतर,
बारावीला फक्त झोप येते तेव्हा.
खोली जुन्या व्यायामशाळेची :
भिंतीवर शिडी अजून आहे, दोर कुणीतरी कापून नेला.
धुतलेल्या पडद्यावर संध्याकाळपर्यंत काळी भुकटी बसते.
मँगनीजचं गाव. तक्रार कुणाकडे करणार?

नाटक त्यांनीच लिहिलं.
आई इटलीत, बारीला, कुणा परक्या म्हाताऱ्याला भरवते आहे,
इकडे घर तिच्या पत्राची वाट पाहतं.
मी म्हटलं, अरे, पत्र कुणाला येतं आता?
बार्बारे म्हणाली, बाई, मोबाइलला दारातून आत येता येत नाही.
वर्गात अकराजण. पाचजणांच्या आया तिकडे.
मी पुढे काही बोलले नाही.

सबंध हिवाळा एकच गोष्ट शिकवत राहिले, वाट पाहणं.
"पाहून दाखवू नका रे. पाहा."
इराकली येरझाऱ्या घालायचा,
मनगटावर नसलेलं घड्याळ बघायचा,
असा उसासा टाकायचा की खिडकीची काच धुरकट व्हावी.
पुन्हा, मी म्हणायचे.
बाई, वाट पाहणं म्हणजे काहीच न करणं,
त्यात शिकायचं काय?
मला उत्तर येत नव्हतं. मी पुन्हा म्हणायचे, पुन्हा.

पोस्टमन त्सोत्ने. वाक्यं चार.
बाकीची पोरं हसायची : तू तर येतोस आणि जातोस!
तो रोज रोपवेनं उतरतो वरच्या वस्तीतून,
गंजक्या पाळण्यात, रात्रपाळीच्या माणसांबरोबर उभा.

प्रयोगाच्या दिवशी साडेपाचला वीज गेली.
जनरेटरवर दोन दिवे लागले, पडदा उघडला,
आणि कुणीतरी माझ्या कानात सांगितलं :
पाळणा मध्येच अडकलाय. त्सोत्ने आत आहे.

त्याच्या प्रवेशाची खूण आली. गेली.
दाराकडे बघून इराकली म्हणाला, "आला वाटतं."
कुणी आलं नाही.
विंगेत मी संहिता घट्ट धरून उभी,
पडदा पाडायची दोरी दुसऱ्या हातात.

बार्बारेनं टोपलीतला अक्रोड घेतला.
नेपथ्याचे होते ते, पण खरे, तिच्याच परसातले.
दगडावर ठेवून फोडला.
गर एका वाटीत, टरफल पदरासारख्या धरलेल्या एप्रनमध्ये.
मग दुसरा.
इराकली तिच्या शेजारी बसला आणि निवडू लागला.
येरझारा नाही. उसासा नाही.
एकदा तो म्हणाला, हा किडका आहे.
ती म्हणाली, बाजूला ठेव, कोंबडीला होईल.
हे कुठेच लिहिलेलं नव्हतं.

दोरी माझ्या हातातून कधी सुटली, कळलं नाही.
प्रेक्षकांत कुणी खोकलं नाही.
दुसऱ्या रांगेतल्या एका बापानं टोपी काढून मांडीवर ठेवली.
टक्. मग शांतता. मग टक्.
तेवीस मिनिटं, नंतर कुणीतरी सांगितलं.

त्सोत्ने आला तो धावत, मागच्या दारानं,
पोस्टमनची टोपी नव्हती,
कोपरापर्यंत ग्रीस, ओठ निळे.
हातानं चाक फिरवून खेचलं होतं त्यांना, इंच इंच.
मी काही सांगायच्या आत तो रंगमंचावर होता.
पाकीट पुढे केलं. त्यावर काळा अंगठा उमटला.
चारही वाक्यं विसरला.
बार्बारेनं हात एप्रनला पुसले,
पुन्हा पुसले,
मग पाकीट घेतलं.

मुख्याध्यापक म्हणाले, मधला भाग जरा लांबला, नाही?
मी म्हटलं, हो. जरा लांबला.

आज सोमवार. गुणपत्रक भरते आहे :
पाठांतर, उच्चार, हालचाल.
त्सोत्नेचा पाठांतराचा रकाना रिकामाच आहे.
मी त्याला विचारलं होतं, वर अडकलास तेव्हा काय केलंस?
म्हणाला, शेजारचे काका घाबरले होते, बाई.
त्यांना माझी वाक्यं म्हणून दाखवली.
त्यांना फार आवडली.